हळदीची पट्टी, महिन्याचा खर्च आणि खिशातलं कार्ड

हिंगोलीच्या मोंढ्यात मी एका आडत दुकानाचे हिशोब लिहितो आणि संध्याकाळी ओळखीच्या पोरापोरींचे प्रवेशाचे, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून देतो. त्यामुळे एकाच घरातला पैसा मला दोन्ही टोकांनी दिसतो. इकडे बापाच्या हळदीची पट्टी बनते, तिकडे त्याच घरातल्या मुलाची नांदेडच्या होस्टेलची पावती फाईलला लागते. मधले दहा महिने तो पैसा कसा पुरवायचा, हे मात्र कुणी कुणाला शिकवत नाही. त्या रिकाम्या जागेत आता क्रेडिट कार्डवाले येऊन बसलेत.

कॉलेजच्या गेटजवळ छत्री लावून ते उभे असतात. पगार नसला तरी चालेल म्हणतात. दहा-पंधरा हजारांची एफडी करा, तिच्यावर कार्ड देतो, आत्तापासून सिबिल बनायला लागेल. अठरा पूर्ण झालेल्या पोराला हे ऐकून आपण मोठे झालो असं वाटतं, यात त्याची चूक नाही. मग तो मला विचारतो, "चाचा, काढू का?"

मी म्हणतो, काढू नको. त्याऐवजी महिन्याचे पैसे एका वेगळ्या पाकिटात आधी भरायचे आणि तेवढ्यातच भागवायचं. हे पाकीट म्हणजे प्रीपेड कार्ड असेल, मोबाईलमधलं वॉलेट असेल किंवा एखादं साधं दुसरं बँक खातं असेल. पण त्यातही दोन गोष्टींची धास्ती आहे, एक कंपन्यांची आणि दुसरी आपल्याच घरच्यांची. हा लेख त्याबद्दल आहे.

आधी आपल्याकडच्या पैशाची चाल बघू. आपल्या जिल्ह्यात पगारदार घरं थोडी. शेती असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीन, मग मार्चपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत हळद. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, नाव झालं, पण पैसा येतो तो वर्षातून एकदाच, आणि तो येण्याआधीच त्याला वाटा फुटलेल्या असतात. आपल्या समाजात शेतीपेक्षा हातावर पोट असलेली घरं जास्त. मिस्त्री, गॅरेजवाला, ड्रायव्हर, फळगाडीवाला, बेकरीतला कामगार. त्यांचा पैसा रोज येतो आणि रोज जातो. म्हणजे एक तर वर्षाचा पैसा एका दिवशी, नाहीतर एका दिवसाचा पैसा त्याच दिवशी.

क्रेडिट कार्ड यातल्या कुणासाठीच बनलेलं नाही. ते महिन्याच्या एक तारखेला पगार जमा होणाऱ्या माणसासाठी बनलं आहे. बिल एका ठरलेल्या तारखेला निघतं, भरायची तारीख त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी, आणि त्या दिवशी खात्यात पैसे पाहिजेत. हळदीला भाव नाही म्हणून बापाने माल थांबवून धरला, तर बँक थांबत नाही.

मोंढ्यातल्या लोकांना हे समजवायला मी उचलीचं उदाहरण देतो. पेरणीला पैसे नाहीत म्हणून शेतकरी आडत्याकडून उचल घेतो. मग माल त्याच दुकानावर आणावा लागतो. कुणी त्यावर व्याज लावतं, कुणी भावात कापतं. क्रेडिट कार्ड म्हणजे शहरातली उचल. फरक एवढाच की आडत्यासमोर बसून चहा पिता येतो आणि दोन महिने सांभाळून घ्या म्हणता येतं.

आता आकडे. समजा १२,००० रुपयांचं बिल आलं. खाली बारीक अक्षरात 'किमान देय रक्कम' लिहिलेली असते, साधारण पाच टक्के, म्हणजे ६०० रुपये. मुलगा ६०० भरतो आणि समजतो की या महिन्याचं निभावलं. राहिले ११,४००. महिन्याला साडेतीन टक्के दर धरला तर व्याज ३९९ रुपये, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी सुमारे ७२ रुपये. नव्याने एक रुपया खर्च न करता पुढचं बिल ११,८७१ रुपयांचं येतं. खिशातून ६०० गेले, कर्ज कमी झालं १२९ रुपयांनी. हा हिशोब मी सौम्य धरला आहे. प्रत्यक्षात पूर्ण बिल भरलं नाही तर व्याज खरेदीच्या तारखेपासून लागतं, आणि जुनी बाकी फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. एटीएममधून कार्डावर रोख काढली तर पहिल्या दिवसापासून मीटर चालू.

वर्षाचे हे चाळीस-बेचाळीस टक्के होतात. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं अनुचित व्यापार प्रथा ठरवलं होतं. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. म्हणजे आज ती तीस टक्क्यांची भिंतही उभी नाही.

सूद, रिबा हा आपल्या घराघरातला प्रश्न आहे. तो टाळून या विषयावर बोलणं म्हणजे ढोंग. वेळेवर पूर्ण पैसे भरले तर व्याज लागत नाही, मग हरकत काय, असं तरुण विचारतात. काही आलिम ही सवलत मान्य करतात. काहींचं म्हणणं असं की उशीर झाल्यास व्याज देईन या करारावर सही करणंच चुकीचं. मी मुनीम आहे, फतवा देणं माझं काम नाही. पण मला दिसतं ते असं: या गोंधळामुळे आपल्यातले काही जण बँकेचं नावच काढत नाहीत, सगळं रोखीत करतात, आणि गरज पडली की जास्त वाईट व्याजाच्या दारात जातात. काही जण 'आजकाल सगळेच घेतात' म्हणून डोळे मिटून सही करतात. भारतात बिनव्याजी बँकेचा तिसरा रस्ता अजून उघडलेला नाही. २००८ साली रघुराम राजन समितीने त्याची शिफारस केली होती. २०१७ मध्ये माहिती अधिकारातल्या उत्तरात रिझर्व्ह बँकेने हा प्रस्ताव पुढे नेणार नसल्याचं सांगितलं. तेव्हा आहे त्या साधनांतूनच आपल्याला निवड करायची आहे.

प्रीपेडचा मला आवडणारा गुण इथे येतो. त्यात कर्जच नाही. तुमचे पैसे तुम्ही आधी भरता, संपले की कार्ड चालत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार या शिल्लकीवर कंपनी तुम्हाला व्याजही देऊ शकत नाही. बचत खात्यावरचं व्याज आलं की ते काय करायचं, हा घरोघरचा प्रश्नही मग उरत नाही. (कंपनी त्या जमा रकमेवर स्वतः काय कमावते, हे मौलानांना विचारा. मला चहा पाजून हा प्रश्न विचारणारे बरेच आहेत.)

नियमही माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२१ च्या निर्देशांनुसार मोबाईलवरचा ओटीपी आणि ओळखपत्राचा क्रमांक एवढ्यावर छोटं प्रीपेड खातं मिळतं. त्यात महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत भरता येतात, शिल्लकही कधी १०,००० च्या वर जाऊ शकत नाही. त्यातून फक्त खरेदी करता येते, रोख काढता येत नाही, दुसऱ्याला पाठवता येत नाही. पूर्ण केवायसी केली तर शिल्लक २ लाखांपर्यंत ठेवता येते आणि पैसे पाठवताही येतात. विद्यार्थ्याच्या महिन्याच्या खर्चाला छोटं खातं पुरेसं आहे. कार्ड हरवलं, कुणी फसवलं, तर गेलेच तर तेवढेच जातील. बापाने फीसाठी ठेवलेले पैसे दुसऱ्या खात्यात सुरक्षित राहतील. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा आणि कंपनीला तीन दिवसांच्या आत लेखी कळवा. उशीर केला तर नुकसानीतला तुमचा वाटा वाढतो.

आता पहिली धास्ती. 'प्रीपेड' असं छापलेलं प्रत्येक कार्ड प्रीपेड नसतं. स्लाइस, युनी अशा कंपन्यांनी काही वर्षं कार्डं वाटली. कागदोपत्री ते प्रीपेड कार्ड होतं, पण आत भरलेले पैसे ग्राहकाचे नव्हते. मागच्या बाजूने कर्ज देऊन ते पाकीट भरलं जायचं. पगाराची स्लिप नसलेल्या तरुणाला दारातून आत घ्यायचा तो रस्ता होता. २० जून २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने बिगरबँक कंपन्यांना सांगितलं की प्रीपेड साधन कर्जाच्या पैशाने भरता येणार नाही, आणि तो सगळा धंदा एका पत्राने बसला. तरीही 'आत्ता घ्या, नंतर द्या' म्हणणारे ॲप नव्या नावाने येतच राहतात. ओळखायची खूण सोपी आहे. तुम्ही पैसे भरण्याआधीच कार्डावर 'लिमिट' दिसत असेल, तर ते कर्ज आहे.

दुसरीकडे क्रेडिट कार्ड आता कार्डासारखं दिसेनासं झालं आहे. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. चहाच्या टपरीवर लावलेला तोच दुकानदाराचा क्यूआर, तोच पिन, आणि कटणारे पैसे उधारीचे. पूर्वी कार्ड घासायला दुकानात मशीन लागायची, आणि हिंगोलीत, कळमनुरीत, सेनगावात ती फार कमी ठिकाणी असायची. ती गैरसोय आपल्याला वाचवत होती.

खरं तर यामुळेच मला प्लास्टिकच्या प्रीपेड कार्डाचं फार कौतुक नाही. खानावळवाला, झेरॉक्सवाला, रूमचा मालक, एसटीचा कंडक्टर, सगळे आता यूपीआय घेतात. कार्ड काढण्याचे शंभर, वर्षाचे काही, पैसे भरण्याचे काही, सहा महिने वापरलं नाही तर त्याचेही काही, असे तुकडे कंपन्या कापतात. महिन्याला २,००० रुपये वापरणाऱ्या मुलाने १०० रुपये शुल्क दिलं तर ते पाच टक्के झाले. कार्ड घेण्याआधी शुल्काचा तक्ता पूर्ण वाचा. आणि कंपनीच्या वॉलेटला बँकेतल्या ठेवीसारखा ५ लाखांचा विमा नाही, हेही लक्षात ठेवा. २०२४ च्या सुरुवातीला पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध आले आणि १५ मार्चनंतर तिच्या वॉलेटमध्ये नवे पैसे भरणं बंद झालं. आधीची शिल्लक वापरता येत होती, पण त्या महिन्यात किती जण घाबरले होते, ते माझ्या टेबलासमोर मी पाहिलं आहे. पाकिटात महिन्याचेच पैसे ठेवा, वर्षाचे कधीही नाही.

मी मुलांना सुचवतो ती पद्धत अशी. समजा हळद विकल्यावर घरातून फी आणि होस्टेल सोडून ३६,००० रुपये वरखर्चाला मिळाले. दहा महिने धरले तर महिन्याला ३,६००. हे ३६,००० बँकेतल्या मुख्य खात्यात राहू द्या आणि ते खातं मोबाईलमधल्या कुठल्याच यूपीआय ॲपला जोडू नका. दुसरं एक बिनशिलकीचं साधं खातं काढा, ते यूपीआयला जोडा, आणि एक तारखेला त्यात ३,६०० टाका. आठवड्याला ८०० प्रमाणे चार आठवड्यांचे ३,२०० होतात, ४०० आजारपणाला किंवा गावाकडे यायच्या तिकिटाला. चहा-वडापावसाठी यूपीआय लाइट वापरलं तर त्यात एका वेळी जास्तीत जास्त ५,००० राहू शकतात. मात्र ऑटो टॉप-अप बंद ठेवा, नाहीतर पाकीट स्वतःच स्वतःला भरत राहतं आणि सगळा खटाटोप वाया जातो. लातूरला अकरावी-बारावी करणाऱ्यांनाही हे जमेल. एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःचं बचत खातं स्वतः चालवू द्यायची मुभा बँकांना दिली आहे.

यात नवीन काही नाही. आपल्या आईने धान्याच्या डब्यात, उशीच्या खोळीत आणि भिशीत पैसे वेगवेगळे ठेवले, तेच आहे. आणि लिहून ठेवा. कुरआनातली सगळ्यांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. आपण ती वाचतो आणि उधारी तोंडी करतो.

दुसरी धास्ती घरची आहे, आणि त्याबद्दल बोलायला लोकांना आवडत नाही.

यूपीआय सर्कल नावाची सोय २०२४ मध्ये आली. बापाच्या खात्यातून मुलाला खर्च करता येतो. एक प्रकार असा की महिन्याला जास्तीत जास्त १५,००० ची मर्यादा बाप ठरवून देतो. दुसरा प्रकार असा की प्रत्येक वेळी बापाच्या मोबाईलवर परवानगी मागितली जाते. सोय म्हणून चांगली आहे, गावाकडच्या माणसाला पैसे पाठवायच्या कटकटीतून सोडवते. पण नांदेडला शिकणाऱ्या एका मुलीने मला सांगितलं, "चाचा, मी मेडिकलमध्ये गेले की अब्बूंना कळतं, रिक्षाने गेले की कळतं, मैत्रिणीला चहा पाजला तरी रात्री फोन येतो." तिच्या भावाला मात्र गेल्या वर्षीच स्वतःचं खातं आणि स्वतःचं डेबिट कार्ड मिळालं. त्याचा मेसेज कुणाकडे जात नाही.

ही पोरगी महिन्याला २,५०० रुपयांत राहते आणि एक रुपया उधळत नाही. तिच्यावर ही नजर पैशाच्या काळजीपोटी नाही, हे तिलाही कळतं. तंत्रज्ञान नवं, पण लगाम जुनाच. मुलगी बाहेर शिकायला गेली यातच आपण खूप मोठेपणा केला असं समजणाऱ्या बापांना मला सांगायचं आहे: रक्कम ठरवा, तुमची ऐपत असेल तेवढी ठरवा, ती कमी असली तरी चालेल. पण ती तिच्या नावच्या खात्यात द्या आणि त्यातला प्रत्येक चहा मोजू नका. तीन महिन्यांनी सोबत बसून हिशोब बघा, मुलाचाही आणि मुलीचाही. स्वतःच्या नावावर २,५०० सांभाळायला न मिळालेली मुलगी उद्या मेहरची रक्कम, पगार किंवा वारशातला हिस्सा कसा सांभाळणार?

आणि मुलींनो, आत्ता घरात हे बोलणं शक्य नसेल तर छोटं प्रीपेड खातं तुमच्या मोबाईल नंबरवर, तुमच्या ओळखपत्रावर निघू शकतं. ट्यूशनचे, शिलाईचे, मेहंदीचे पैसे तुमचे आहेत, ते त्यात ठेवा. कंपनीने पैसे अडवले तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट दाद मागता येते. माहितीसाठी फोन १४४४८. वकील लागत नाही, बापाची सही लागत नाही.

एवढं सांगितल्यावर कुणीतरी म्हणतंच, म्हणजे गरिबाच्या पोरांनी काटकसर करावी, झालं. नाही. काटकसर करून फी भरत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अल्पसंख्याक मुलांची पहिली ते आठवीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती बंद केली, डिसेंबरमध्ये संशोधकांची मौलाना आझाद फेलोशिप बंद केली. जिथून शिष्यवृत्ती काढली जाते तिथे कर्जवाले पोचतात, हे मी फॉर्म भरताना बघतो. शिष्यवृत्तीसाठी भांडणं हे आपल्या चळवळीचं काम आहे आणि ते सोडून मी पाकिटांवर लिहीत बसावं असं मला वाटत नाही. पण निवेदनाला उत्तर येईपर्यंत पोराला महिना काढायचा असतो.

सिबिलचंही असंच. कमाई नसताना सिबिल बनवायची घाई कशाला? एक हप्ता चुकला तर तेच सिबिल पुढे शैक्षणिक कर्जाच्या आड येतं. कर्ज लागणारच असेल तर शिक्षणासाठी घ्या, आधी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या सवलतीच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी करा. मोबाईलसाठी 'झिरो टक्के' हप्ता घेऊ नका. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच बँकांना सुनावलं होतं.

क्रेडिट कार्डवाल्यांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. रात्री दोन वाजता अपेंडिक्सचं दुखणं उठलं, तर प्रीपेडमधले ४०० रुपये काय कामाचे? याला माझ्याकडे ॲपचं उत्तर नाही. उत्तर मोहल्ल्यात आहे. नांदेडला, संभाजीनगरला, पुण्याला शिकून नोकरीला लागलेले आपल्या गावचे वीस जण महिन्याला २०० रुपये देऊ शकत नाहीत का? महिन्याचे ४,००० होतात, वर्षाचे ४८,०००. त्यातून अडलेल्या विद्यार्थ्याला पाच-सात हजार कर्ज-ए-हसना द्यायचं, बिनव्याजी, परतीची तारीख लिहून. खातं बँकेत, दोघांच्या सहीने, आणि त्या दोघांत एक सही बाईची. मराठवाड्यातली मोठमोठी मल्टिस्टेट सोसायट्या बुडताना आपण पाहिल्यात, त्यामुळे ठेवी घ्यायच्या नाहीत, नफ्याचं नाव काढायचं नाही, दर तीन महिन्यांनी जमा-खर्चाचा कागद मशिदीच्या फलकावर आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर लावायचा. वही लिहायला मी तयार आहे. सध्या अकरा जणांनी होकार दिला आहे, नऊ कमी आहेत.